आमच्या विहिरीचा अहवाल आम्हाला द्या : जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी तथा प्रशासक,
जिल्हा परिषद.

आणि निवडणूक लागली की आमच्या दारात मते मागायला येणारे सर्व भावी सदस्य.

विषय : गावच्या पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला मंजूर झालेला तालुक्याचा प्लास्टिक कचरा प्रकल्प आणि आमच्यापर्यंत कधीच न पोचलेले पाण्याचे अहवाल.

महोदय,

गेल्या श्रावणात माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेली पाण्याची बाटली काळी पडली. बाटली तुमच्याच किटमधली, बोटाएवढी. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि उबेला एक-दोन दिवस ठेवायची. रंग बदलला नाही तर ठीक. काळी पडली तर पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची शक्यता धरायची आणि ते पाणी प्यायचे थांबवायचे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. आमच्या गावातल्या त्या पाचजणींपैकी मी एक.

पहिली बाटली माझ्या घरच्या नळाची होती. माझीच काही चूक झाली असेल म्हणून दुसरी शाळेच्या नळाची लावली. तीही काळी. तिसरी थेट विहिरीच्या पाण्याची. ती एका रात्रीत शाईसारखी झाली. तिन्ही बाटल्या ओळीने ठेवून फोटो काढला, वहीत तारीख आणि वेळ लिहिली, फोटो ग्रुपवर टाकला आणि ग्रामपंचायतीत जाऊन तोंडीही सांगितले. दुसऱ्या दिवशी जलसुरक्षकाने विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर टाकली. त्यापलीकडे काहीच झाले नाही. कोणी विचारायला आले नाही, प्रयोगशाळेसाठी नमुना नेला नाही, गावात दवंडीही दिली नाही. पाणी उकळून प्या, एवढे सांगायला आम्ही पाचजणीच दारोदार फिरलो.

महिनाभरात आमच्या आळीत सात जणांना कावीळ झाली. त्यांत माझ्या दिराची मुलगी होती, दहावीत शिकणारी. अठरा दिवस ती अंथरुणावर होती. वाचली, आता शाळेत जाते. पण पाण्याचा पेला उचलला की आधी उजेडाकडे धरून बघते. तिची ती सवय पाहूनच हे पत्र लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेची विरोधक नाही, हे आधीच सांगते. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत, आणि आमच्यासारख्या गावात सरकार म्हणजे जिल्हा परिषदच. मी तिच्या शाळेत शिकले, माझी मुलेही तिथेच शिकली. लसी तिच्या उपकेंद्रात टोचल्या, अंगणवाडी तिची, गुरांचा दवाखाना तिचा, गावाला जोडणारा रस्ता तिचा. २०००–०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा लग्न होऊन मला दोन वर्षे झाली होती. घुंगट नसला तरी डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, असे ते दिवस. तरी सासूबाईंच्या मागोमाग मी खराटा घेऊन चौकात उतरले. गल्ली झाडताना पहिल्यांदा वाटले की हे गाव माझेही आहे. ती ओळख परिषदेनेच करून दिली. म्हणून तर तुमच्याकडून अपेक्षा आहे आणि म्हणूनच हा राग आहे.

आता निर्णयाविषयी. दोन महिन्यांपूर्वी गायरानात जेसीबी आला. विचारल्यावर कळले की तालुक्याचा प्लास्टिक कचरा व्यवस्थापन प्रकल्प आमच्या गायरानात मंजूर झाला आहे आणि कार्यारंभ आदेशही निघाला आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला असा एक प्रकल्प आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी, ही योजना मला माहीत आहे. योजना चांगली आहे. प्लास्टिक गोळा व्हावे, दाबून त्याचे गठ्ठे व्हावेत, ते पुढे पाठवले जावेत, हे मला हवेच आहे. आमची गुरे पिशव्या खातात. गेल्या वर्षी मेलेल्या एका गाईच्या पोटातून निघालेला गोळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रश्न जागेचा आहे. ही जागा गावच्या पिण्याच्या विहिरीपासून १४० मीटरवर आहे आणि चढावर आहे. आम्ही दोर लावून मोजले आहे.

विहिरीबद्दल थोडे सांगते. कागदावर तो नुसता 'स्रोत' आहे. ही विहीर बहात्तरच्या दुष्काळातली. सासूबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. दुष्काळी कामावर दिवसभर मुरमाच्या पाट्या डोक्यावरून वर आणायच्या, मध्ये सुकडी खायची, पुन्हा उतरायचे. त्या सांगतात की मुरूम संपला, कातळ लागला, सुरुंग लावले, तरी पाणी नाही. लोक काम सोडायच्या बेताला आले होते. मग एके दिवशी गायरानाच्या बाजूच्या भिंतीतून, कंबरेएवढ्या उंचीवरच्या भेगेतून पाणी पाझरायला लागले. बायकांनी तिथे हळदकुंकू वाहिले. आजही उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की तो झरा दिसतो. विहिरीला आणखी दोन बारीक झरे आहेत, पण तिचा जीव त्या एका झऱ्यात आहे, आणि तो गायरानाच्या अंगाने येतो.

यामागचे शास्त्र तुमच्याच माणसांनी आम्हाला सांगितले होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे एक साहेब मागे शाळेत बोलायला आले होते. महाराष्ट्राची चार-पंचमांशाहून अधिक जमीन काळ्या पाषाणाची, बसाल्टची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक. वाळूच्या थरात पाणी हळूहळू गाळले जाते. भेगेतून ते सरळ वाहत येते, वाटेत गाळायला काही नसते. डोंगरावर पडलेला पाऊस काही दिवसांत विहिरीत दिसतो, मग डोंगरावर टाकलेली घाण कुठे दिसेल, असे त्यांनी मुलांना विचारले होते. मुलांनी एका सुरात उत्तर दिले होते. साहेबांचे नाव मला आठवत नाही, पण त्यांनी फळ्यावर काढलेले चित्र आठवते. जागा ठरवताना ते चित्र कोणाला का आठवले नाही?

तुम्ही म्हणाल की प्रकल्प म्हणजे शेड, शेड म्हणजे कचरा डेपो नव्हे. मान्य. पण त्याच गायरानात आमच्या गावापुरती कचरा शेड तीन वर्षांपूर्वी बांधली गेली. पाच हजारांच्या आतल्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये, म्हणजे आमच्या तेवीसशे वस्तीला १,३८,००० रुपये. त्यातून चार खांब, पत्रे आणि एक फलक उभा राहिला. देयक निघाले. ओला-सुका वेगळा करायला माणूस नेमला नाही, घंटागाडी सहा महिने चालली आणि बंद पडली. मग लोक आपापला कचरा शेडजवळ नेऊन टाकू लागले. शेड रिकामी आणि बाहेर ढीग, अशी आजची स्थिती आहे. ढिगात लहान मुलांचे डायपर आहेत, पॅड आहेत, कीटकनाशकाच्या बाटल्या आहेत, गुरांना टोचलेल्या सुया आहेत, कोंबडीच्या दुकानाची घाण आहे. रात्री कोणीतरी पेटवतो. पहाटे शाळेपर्यंत धूर येतो. पाऊस झाला की ढिगाखालून चहाच्या रंगाचे पाणी निघते आणि उतारावर मुरमात जिरते. त्या उताराच्या पायथ्याशी विहीर आहे.

एका गावाचा कचरा ज्या शेडला पेलवला नाही, तिच्या शेजारी अख्ख्या तालुक्याचे प्लास्टिक येणार. ते धुतलेले नसेल. दुधाच्या पिशव्या, तेलाचे पाऊच, आतले-बाहेरचे सगळे चिकटलेले असेल. ते धुतले तर धुण्याचे पाणी कुठे जाणार? न धुता साठवले तर पावसात काय होणार? मंजुरीच्या टिपणात याचे एक ओळीचेही उत्तर नाही. टिपण मी माहिती अधिकारात मागवून वाचले आहे. त्यात 'जागा शासकीय असून विनामूल्य उपलब्ध' असे लिहिले आहे. 'विहीर' हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही.

कायद्यात काय आहे तेही मी शोधले, कारण आमच्यासारख्या बाईने बोलले की भावनेच्या भरात बोलते असे म्हणायची पद्धत आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा पुरण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून आणि वस्तीपासून २०० मीटर दूर असली पाहिजे असे सांगितले. ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते, हे मला माहीत आहे. पण शहरातल्या माणसाच्या विहिरीला २०० मीटरचे अंतर लागते आणि गावातल्या माणसाच्या विहिरीला १४० मीटर पुरते, असे कोणते वेगळे पोट आम्हाला दिले आहे? आणखी एक. १९९३ मध्ये महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला, तो पिण्याच्या पाण्यासाठीच. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत शेतकऱ्याने नवी विहीर खणू नये, असे त्यात होते. माझ्या चुलत सासऱ्यांना याच कारणाने स्वतःच्या रानात विहीर पाडता आली नाही. त्यांनी ते ऐकले, कारण गावच्या पाण्याचा प्रश्न होता. पाणी घेऊ नये म्हणून ५०० मीटरचा धाक आम्ही पाळला. त्याच पाण्यात घाण जाऊ नये म्हणून तुम्ही किती अंतर पाळणार, एवढेच विचारते आहे.

आता ज्या गोष्टी गप्प बसून सहन होत नाहीत, त्या एकेक सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अहवालांची. आमच्या पाण्याची तपासणी होतच नाही, असे मी म्हणत नाही. वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जैविक तपासणी व्हायची असते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य सेवक स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतात आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. ही पद्धत मला मनापासून आवडते. शाळेत न गेलेल्या बाईलाही कळावी अशी ती आहे. पण कार्ड दिसले तर कळणार ना! आमच्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे मी गावात चाळीस घरी विचारले. एकालाही माहीत नव्हते. पाच वर्षे सदस्य राहिलेल्या बाईंनाही नाही. शेवटी कार्यालयातल्या कपाटातून फाइल निघाली. ज्या वर्षी माझ्या तिन्ही बाटल्या काळ्या पडल्या, त्याच वर्षीचे कार्ड हिरवे होते.

मी त्या आरोग्य सेवकांना दोष देत नाही. एका माणसाकडे किती गावे आहेत, आणि लसीकरण, हिवताप, क्षयरोग, ऑनलाइन नोंदी, सगळे त्याच्याच डोक्यावर कसे आहे, हे आम्ही पाहतो. पण मग त्या हिरव्या रंगाचा अर्थ काय घ्यायचा? प्रयोगशाळेचे अहवाल मागितले तर तालुक्यातून उत्तर आले की ते संबंधित ग्रामपंचायतीस पाठविण्यात आले आहेत. ग्रामपंचायतीने सांगितले की आमच्याकडे आलेले नाहीत. अपील केले. पुन्हा तेच. दोन कार्यालयांच्या मध्ये अकरा किलोमीटरचा रस्ता आहे, आणि आमच्या पाण्याचा कागद त्या रस्त्यावर कुठेतरी हरवला आहे. नागरिकांना माहिती त्यांनी मागायच्या आधीच द्यावी, असे माहिती अधिकाराच्या कायद्यात २००५ पासून लिहिलेले आहे. आपण पितो ते पाणी कसे आहे, याहून आधी देण्यासारखी माहिती कोणती?

दुसरी तक्रार ग्रामसभेची. प्रकल्पाला ग्रामसभेची मंजुरी आहे, असे टिपणात लिहिले आहे. इतिवृत्त काढून पाहिले. विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या सदरात शेवटी घेतला आहे. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी कमी असेल तेवढी हजर लागतात. आमच्या गावात ती संख्या १००. नोंदवहीत १०७ सह्या आहेत. त्यांतल्या तीन सह्या त्या दिवशी पुण्याला कामावर असलेल्या मुलांच्या आहेत आणि एक सही माझी आहे. मी त्या सभेला होते. झेंडावंदन झाले, लाभार्थ्यांची यादी वाचली, चहा झाला, आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून आम्ही बायका उठलो. आम्ही उठल्यावर गायरानाचा विषय निघाला. माझी सही माझ्याच विहिरीच्या विरोधात वापरली गेली, याचे दुःख मला कावीळ झालेल्या पोरीच्या दुखण्याइतकेच आहे.

तिसरी तक्रार किटची. तपासणीच्या काळ्या होणाऱ्या बाटल्या संपत आल्या आहेत. क्लोरिन पाहायच्या द्रावणाची मुदत उलटून गेली आहे. मागणी तीनदा दिली. पाचजणींना शिकवले, फोटो काढले, प्रमाणपत्रे दिली आणि पुढे बाटल्याच दिल्या नाहीत.

टीसीएलचेही तसेच. ही पावडर दमट जागी उघडी ठेवली की तिच्यातला क्लोरिन उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, असा दंडक आहे. आमच्याकडे ती ग्रामपंचायतीच्या न्हाणीत, उघड्या पोत्यात असते.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून मांडावी की नाही, मला ठरवता येत नाही, पण सांगितलीच पाहिजे. जलजीवनने घरोघरी नळ आला. माणशी रोज ५५ लिटर पाणी दारात. डोक्यावरचा हंडा उतरला, माझ्या सुनेची मान माझ्यासारखी दुखणार नाही, याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही. पण पूर्वी गावात चार पाणवठे होते. एकाचे पाणी बिघडले की बायका दुसऱ्याकडे वळायच्या. कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवायला चांगले, कोणते पावसाळ्यात टाळायचे, हे ज्ञान घराघरांत होते. नळ आल्यावर हातपंपांकडे कोणी पाहिले नाही, दोन आडांत कचरा पडला आणि सगळे गाव एका विहिरीवर आले. आता ती बिघडली तर एकाच सकाळी साडेचारशे घरांत बिघडलेले पाणी पोचते. नळयोजना करणाऱ्याची जबाबदारी नळ बसवून संपत नाही, ती तिथून सुरू होते.

पाणी बिघडले की काय होते याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसे आजारी पडली, जीव गेले. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि सगळ्यांचे लक्ष नांदेड गावच्या विहिरीकडे गेले. रुग्णांचा आकडा वाढला की पथके येतात, नमुने घेतले जातात, मंत्री येतात. आमच्या सात जणांसाठी कोणी आले नाही. आकडा मोठा होण्याची वाट आम्ही पाहायची का?

आणि पाचवी तक्रार, जी तुमच्या एकट्याच्या हातातली नाही. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहेत. तुम्ही हुशार आहात, परीक्षा देऊन आला आहात, तुमच्याविषयी मला आदर आहे. पण पूर्वी आमच्या गटाच्या सदस्य होत्या. २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, म्हणून त्या आल्या होत्या. त्या फार बोलायच्या नाहीत. तरी हंडा घेऊन आम्ही त्यांच्या दारात बसलो की त्या आमच्याबरोबर उठून यायच्या, सभेत प्रश्न लिहून द्यायच्या, आणि प्रश्नाला लेखी उत्तर यायचे. ते दार आता नाही. एका सहीने मंजुरी मिळते आणि ती सही कोणाला विचारायची हे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. तुमची भेट घ्यायला आम्ही पाचजणी दोनदा जिल्ह्याच्या गावी आलो. एकदा व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक चालू होती, एकदा दौरा होता. दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे गेले. म्हणून हे पत्र असे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

गायरानातले काम आज थांबवावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागेची पाहणी करून विहिरीचा झरा कोणत्या अंगाने भरतो याचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि तो गावात वाचून दाखवावा. अभिप्राय येईपर्यंत एकही गाडी तिथे उतरू नये.

पर्यायी जागा आहे. ओढ्यापलीकडे, हमरस्त्याला लागून, विहिरीच्या खालच्या अंगाला जुन्या खडी केंद्राची पडीक जमीन आहे. तिथे वस्ती नाही आणि पिण्याचा स्रोत नाही. ओढा जवळ आहे, त्यामुळे तिथेही काँक्रीटची फरशी आणि सांडपाण्याची बंद टाकी लागेलच. खर्च थोडा वाढेल. तो वाढवावा.

आत्ताच्या शेडबाहेरचा ढीग पुढच्या पावसाआधी उचलावा. प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतीवरही टाकली आहे, तेव्हा हे काम कोणाचे यावर पत्रव्यवहार नको. घंटागाडीला माणूस आणि डिझेल द्यावे. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखलेल्या निधीत स्वच्छतेचा वाटा वेगळा असतोच. सुया आणि औषधांच्या बाटल्या वेगळ्या गोळा करण्याची सोय उपकेंद्रात आणि गुरांच्या दवाखान्यात करावी. घरोघरी कचरा वेगळा करून घ्यायचे काम आमचे बचत गट करतील. हा शब्द मी सात गटांना विचारून देते आहे.

पाण्याचा प्रत्येक अहवाल आला की आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फळ्यावर आणि अंगणवाडीच्या दारावर मराठीत लावावा. कार्डाचा रंग भिंतीवर रंगवावा, हातभर मोठा. गेल्या तीन वर्षांचे अहवाल हरवले असतील तर प्रयोगशाळेतून दुसरी प्रत काढून द्यावी.

आमच्या हातात बाटल्या द्याव्यात आणि बाटली काळी पडली तर पुढे काय, हे कागदावर ठरवून द्यावे. कोणाला फोन करायचा, त्याने किती तासांत यायचे, नमुना कोणी न्यायचा, तोवर पिण्याचे पाणी कुठून मिळणार. हे ठरलेले नसेल तर आमचे प्रशिक्षण वाया गेले.

आणि गायरानाच्या विषयावर पुन्हा ग्रामसभा घ्यावी. विषय पत्रिकेवर पहिला असावा, वेळ बायकांना जमेल ती असावी, आणि त्याआधी महिला सभा व्हावी. गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. आमच्या समितीत त्या कागदावर आहेत, बैठकीचा निरोप मात्र त्यांच्या नवऱ्यांना जातो. निरोप थेट त्यांना द्यावा.

त्या सभेत प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे लोकही असतील. काहींना तिथे काम मिळण्याची आशा आहे, आणि ती आशा खोटी नाही. त्यांचेही म्हणणे ऐकले जावे. प्रकल्प पलीकडच्या जागेत गेला तरी कामे गावातल्याच माणसांना मिळावीत, अशी आमचीही मागणी समजा.

या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर काहीही असले, होकार असो वा नकार, आम्ही ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू. तोवर आम्ही पाचजणी दर सोमवारी विहिरीचे पाणी काचेच्या ग्लासात भरून शाळेच्या ओट्यावर ठेवणार आहोत, शेजारी तारीख लिहून. किटमध्ये आता दोनच बाटल्या उरल्या आहेत. त्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दिवसासाठी राखून ठेवल्या आहेत.

आपली,
गावचे पाणी तपासणाऱ्या पाचजणींपैकी एक
(सोबत : तीन बाटल्यांचा फोटो, वहीतल्या नोंदी, दोर लावून मोजलेल्या अंतराचा हाताने काढलेला नकाशा आणि २१२ बायकांच्या सह्या व अंगठे)